समुद्रावर केव्हां जावें?

छत्रपति संभाजीनगराहून जालन्याच्या रस्त्यानें निघालें म्हणजे सुमारें २० किलोमीटरांवर करमाड लागतें. गांव रस्त्याकांठीं आहे, मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावर त्याचें स्थानक आहे, आणि शेंद्र्याची उद्योगवसाहत त्याच्या जवळच उभी राहिली आहे. या गांवापासून पश्चिमेचा समुद्र सरळ रेषेंत मोजला तरी पावणेतीनशे ते तीनशे किलोमीटर दूर पडतो. करमाडच्या शिवारांत पडणारें पावसाचें पाणीसुद्धां त्या समुद्राची वाट धरीत नाहीं; तें ओढ्यानाल्यांतून गोदावरीस मिळतें आणि थेट पूर्वेच्या समुद्रास जातें. सारांश, ज्या समुद्रावर करमाडचीं माणसें सुटी घालविण्यास जातात त्याच्याशीं त्यांचा पिढीजात परिचय नाहीं. विहीर, तळें, नदी यांचें पाणी त्यांना ठाऊक असतें. भरती-ओहोटीचें पाणी ठाऊक नसतें. म्हणूनच समुद्रावर केव्हां जावें, हा प्रश्न किनाऱ्यावरील माणसापेक्षां देशावरील माणसानें अधिक काळजीनें विचारावयास हवा.

प्रत्यक्षांत तो सर्वांत शेवटीं विचारला जातो. सहलीचें घाटूं लागलें कीं प्रथम अलिबाग कीं गणपतीपुळें, मुरुड कीं मालवण, याची चर्चा होते. मग गाडी कोणती आणि खर्च किती, याचा हिशेब होतो. 'केव्हां' या प्रश्नाचें उत्तर शाळेच्या सुटीनें किंवा कारखान्याच्या रजेनें आधींच देऊन ठेवलेलें असतें: दिवाळी, नाहीं तर मे. या दोन्ही सुट्या माणसांनीं आपल्या सोयीनें ठरविल्या आहेत. समुद्र त्यांस बांधलेला नाहीं. त्याचें वर्ष वाऱ्यानें ठरतें, महिना चंद्रानें ठरतो आणि दिवस भरती-ओहोटीनें ठरतो. तेव्हां समुद्रावरील सुटीचा मुहूर्त पाहावयाचा म्हणजे ऋतु, तिथि आणि प्रहर या तिन्ही गोष्टी पाहावयास हव्यात.

प्रथम ऋतूचा विचार. पश्चिम किनाऱ्याच्या वर्षाचे ठळक असे चार भाग पडतात. पहिला भाग बंद दर्याचा. मे महिन्याच्या अखेरीपासून नैर्ऋत्येचा वारा जोर धरतो आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यांत पाऊस कोकणांत उतरतो. एकट्या जुलैंत रत्नागिरीस सरासरीनें जेवढा पाऊस पडतो, तेवढा करमाडच्या बाजूस वर्षभरांतहि पडत नाहीं. वाऱ्यानें हजारों किलोमीटरांवरून ढकलीत आणलेल्या लाटा किनाऱ्यावर येऊन फुटतात. या काळांत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. मुंबईच्या गेटवेहून मांडव्यास जाणाऱ्या प्रवासी बोटी बंद होतात. मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी बंद राहते. कोकण रेल्वेहि पावसाळ्यापुरतें निराळें वेळापत्रक लावून गाड्यांचा वेग कमी करते. दर्यावर ज्यांचें पोट आहे असा कोळीसुद्धां जेव्हां आपली होडी वाळूवर ओढून ठेवतो, तेव्हां घाटावरच्या पाहुण्यानें त्या पाण्यांत पाय घालावा यांत शहाणपण नाहीं. श्रावणांतील नारळी पौर्णिमेस कोळी दर्याला नारळ अर्पण करितात, तो या बंद काळाचा शेवट मानला जातो.

परंतु दर्या होड्यांना खुला झाला म्हणजे स्नानाला खुला झाला असें नव्हे. येथून वर्षाचा दुसरा, अस्थिर भाग सुरू होतो. पावसाळ्यांतील लाटा किनाऱ्यावरची पुष्कळशी वाळू ओढून नेतात व ती जरा आंत पाण्याखालीं साठवितात. त्यामुळें भाद्रपदांत अनेक ठिकाणीं किनारा अरुंद, उतरता आणि खडबडीत झालेला दिसतो. चार पावलांत पाणी कमरेवरून गळ्याशीं येतें. पुढें वारा शांत झाला कीं लहान लाटा तीच वाळू थोडी थोडी करून परत आणून पसरितात. म्हणजे ज्या रुंद, मऊ व सपाट वाळूसाठीं लोक कोकणांत जातात, ती दरवर्षीं नव्यानें घडत असते आणि तिला घडण्यास कांहीं महिने द्यावे लागतात. शिवाय ऑक्टोबर-नोव्हेंबर हा अरबी समुद्रांतील वादळांचा एक काळ आहे. २०१९ सालच्या दिवाळींत, ऐन लक्ष्मीपूजनाच्या सुमारास, 'क्यार' नांवाचें महाचक्रीवादळ या समुद्रांत होतें; तें कोकणच्या भूमीवर आलें नाहीं, तरी किनाऱ्यावर समुद्र खवळला होता. २००९ सालीं तर दिवाळी उलटून तीन आठवडे झाल्यावर, ११ नोव्हेंबर रोजीं, 'फयान' वादळ अलिबाग-मुंबईच्या बाजूनें किनाऱ्यावर आलें. दिवाळीची सुटी टाकाऊ आहे असा याचा अर्थ नव्हे. ती घ्यावयाची तर हवामानखात्याची सूचना पाहून घ्यावी आणि सुटीचा पहिला भाग सोडून शेवटला भाग धरावा.

तिसरा भाग मार्गशीर्षापासून माघापर्यंतचा, म्हणजे स्थूलमानानें डिसेंबर ते फेब्रुवारीचा. समुद्रावरील सुटीचा खरा ऋतु तो हा. या दिवसांत सकाळीं वारा जमिनीकडून हलका वाहतो आणि समुद्राचा पृष्ठभाग जणुं इस्त्री केल्यासारखा दिसतो. दुपारनंतर समुद्रावरून वारा येतो, तोहि सौम्य असतो. नद्यांचा गढूळपणा बसलेला असल्यामुळें पाणी निवळतें. तारकर्लीस पाण्याखालचें जग दाखविणारे लोक याच दिवसांची वाट पाहतात. वाळू परत आलेली असते. परदेशांतून उतरलेले कुरव पक्षी थव्याथव्यानें किनाऱ्यावर बसलेले दिसतात. हवेचें म्हणाल तर जानेवारींत करमाडच्या बाजूस पहाटेचा पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो, आणि त्याच वेळीं रत्नागिरीस तो १८-१९ अंशांच्या खालीं क्वचितच जातो. समुद्र हा उष्णतेची मोठी कोठी आहे. तो हळूहळू तापतो आणि हळूहळू निवतो. त्यामुळें थंडीनें ज्यांचे सांधे आखडतात अशा वृद्धांना, व ज्यांना पहाटेचा गारठा सोसत नाहीं अशा लहान मुलांना, या दिवसांतील किनारा विशेष सुखाचा वाटतो.

चौथा भाग फाल्गुनापासून वैशाखापर्यंतचा, तापत्या दिवसांचा. त्याचा आरंभ चांगला असतो. मार्चमध्यें रात्री अजून सह्य असतात, गर्दी कमी असते आणि समुद्र बहुधा शांत असतो. रत्नागिरी जिल्ह्यांत मंडणगड तालुक्यांत वेळास नांवाचें गांव आहे. तेथील किनाऱ्यावर फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत समुद्रकासवांचीं पिलें अंड्यांतून बाहेर पडतात व सकाळ-सायंकाळ तीं पाण्याकडे सोडलीं जातात. मुलांना दाखविण्यासारखें याहून चांगलें दृश्य दुसऱ्या कोणत्याहि महिन्यांत कोकणच्या वाळूवर सांपडणें कठीण. एप्रिल चढूं लागला कीं दुपारचा वारा जोर करितो, लाटा वाढतात आणि हवेंतील दमटपणा अंगाला चिकटूं लागतो.

मग येतो मे महिना, आणि देशावरच्या लोकांचा मोठा लोंढा नेमका त्याच महिन्यांत घाट उतरतो. त्याचें आकर्षण खोटें नाहीं. हापूस आंबा, फणस, करवंदें, जांभळें यांची ती ऐन वेळ, मुलांना सुटी, शेतें मोकळीं. पण "करमाडला चाळीस अंशांचें ऊन, तेव्हां समुद्रावर गार वाटेल" हा हिशेब चुकीचा ठरतो. रत्नागिरीस मे महिन्यांत पारा ३३ अंशांच्या आसपासच असतो, हें खरें. परंतु हवा पाण्यानें इतकी भरलेली असते कीं अंगावरचा घाम वाळत नाहीं. करमाडला माणूस सावलींत बसला कीं निवतो. कोकणांत सावलींतहि तो भिजलेलाच राहतो. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे मे महिन्यांत अरबी समुद्राचें पाणी वर्षांतलें सर्वांत तापलेलें असतें व वादळांना तें पोषक ठरतें. २०२१ सालीं १६ व १७ मे रोजीं 'तौक्ते' वादळ कोकण किनाऱ्याला लागून उत्तरेकडे गेलें. त्याच्या आदल्या वर्षीं, ३ जून २०२० रोजीं, 'निसर्ग' वादळानें रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर उतरून सुपारीच्या बागा आणि घरांचीं छपरें भुईसपाट केलीं. ज्यांना मेशिवाय गत्यंतर नाहीं त्यांनीं पहिला पंधरवडा धरावा, पाण्याशीं गांठ सकाळीं व सायंकाळींच घालावी, आणि महिन्याचा शेवटला आठवडा घाटावरच राहावें, हें उत्तम.

येथें करमाडच्या माणसाची खरी अडचण उभी राहते. समुद्राचे जे उत्तम दिवस, तेच शेतकऱ्याच्या घाईचे दिवस. कापसाची वेचणी, तुरीची सोंगणी आणि मळणी, ज्वारी-हरभऱ्याची राखण हें सर्व मार्गशीर्ष-पौषांतच येतें. घरांतील सगळीं माणसें एकाच वेळीं बाहेर पडणें त्या दिवसांत अशक्य, आणि हातांत पैसा येतो तोहि माल विकल्यानंतर. शेत मोकळें होतें तें चैत्रांत. तोंवर समुद्राचा चांगला काळ सरत आलेला असतो. या अडचणींतून मार्ग काढावयाचा तर दोन पिकांमधली फट शोधावी लागते. गुलाबी बोंडअळीचा उपद्रव वाढल्यापासून कापसाची फरदड घेऊं नये, पीक वेळेवर संपवून पऱ्हाटी काढून टाकावी, असें कृषिखातें सांगत आलें आहे. जो हा सल्ला पाळतो त्याचें कापसाचें शेत जानेवारींत रिकामें होतें. तूर घरीं आलेली असते. गहू मार्चपूर्वीं कापणीस येत नाहीं. तेव्हां जानेवारीचा शेवटला आठवडा व फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा यांत चार दिवसांची सवड बहुतेक शेतकरी घरांना काढतां येते. २६ जानेवारीच्या सुटीला एक-दोन दिवस जोडले तर मुलांची शाळाहि फारशी बुडत नाहीं. ज्या घरीं दहावी-बारावीचें मूल आहे त्यांनीं मात्र परीक्षा आटोपल्यावर मार्चच्या उत्तरार्धांत निघावें. पाडव्याच्या सुमारासचा समुद्र अद्याप पाहुण्यांना अनुकूल असतो. शेंद्र्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना तर पीकपाण्याचें बंधन नाहीं. दिवाळींत गर्दी वाढवून दुप्पट भाडें देण्यापेक्षां त्यांनीं रजेचे चार दिवस डिसेंबरसाठीं राखून ठेवावे.

ऋतु साधला म्हणजे सर्व साधलें, असें मानणें मात्र घातक आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजीं मुरुड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेले १४ विद्यार्थी बुडून मरण पावले. महिना वर्षांतील उत्तमांपैकीं होता. वादळ नव्हतें, पाऊस नव्हता. तीं मुलें देशावरचीं होतीं. शांत दिसणारा समुद्रहि दिवसांतून दोनदां वर चढतो आणि दोनदां मागें सरतो, आणि मागें सरतांना तो माणसाला बरोबर ओढतो, ही गोष्ट ज्याच्या अंगवळणीं पडलेली नाहीं त्याला चांगला ऋतुहि वांचवूं शकत नाहीं. म्हणून ऋतूच्या पाठोपाठ तिथि आणि प्रहर पाहणें आवश्यक.

यासाठीं कोणतेंहि अवघड गणित लागत नाहीं. घरांतील पंचांग किंवा भिंतीवरची दिनदर्शिका पुरते. मुंबई-अलिबागच्या किनाऱ्यावर जुना आडाखा असा आहे कीं, तिथीच्या अंकाची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीचा तास निघतो. चतुर्थीस भरती तीनच्या सुमारास, अष्टमीस सहाच्या सुमारास, आणि पौर्णिमा-अमावास्येस मध्यान्हीं व मध्यरात्रीं. शुद्ध व वद्य या दोन्ही पक्षांस हाच नियम. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनीं पूर्ण ओहोटी येते, आणि दररोज ही वेळ सुमारें पाऊण तासानें पुढें सरकते. दक्षिणेकडे रत्नागिरी-मालवणास वेळा थोड्या अलीकडे येतात, म्हणून तेथें स्थानिक माणसास विचारूनच खात्री करून घ्यावी. पौर्णिमा आणि अमावास्या यांच्या आसपास पाण्याचें उधाण असतें. मुंबईकडे त्या दिवसांत पाणी चार मीटरांहूनहि अधिक चढतें व तितकेंच उतरतें, आणि त्याचा ओढ मोठा असतो. अष्टमीपासून दशमीपर्यंत भांग असतो. पाण्याची चढउतर थोडी व संथ असते. नवख्यांनीं सहलीचे दिवस भांगाचे धरावे.

एका उदाहरणानें हें अधिक स्पष्ट होईल. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीच्या वेळीं पायीं जाऊन पाहतां येतो. समजा, करमाडचें एखादें कुटुंब षष्ठीच्या दिवशीं तेथें पोहोंचलें. सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे पूर्ण भरती साडेचारास आणि पूर्ण ओहोटी सकाळीं साडेदहा-पावणेअकराच्या सुमारास. नऊ-साडेनवास, किनाऱ्यावरच्या माणसास वाट मोकळी झाली काय हें विचारून निघावें, आणि अकराच्या आंत परत फिरावें. "अजून थोडें पाहूं" म्हणून जो रेंगाळतो त्याच्या मागें वाट बुडत असते. स्नान करावयाचें असेल तर त्याच दिवशीं दुपारीं, पाणी चढत असतांना, गुडघ्या-मांड्यांइतक्या पाण्यांत करावें. चढतें पाणी माणसाला किनाऱ्याकडे लोटतें, उतरतें पाणी आंत नेतें. म्हणून ओहोटी लागली कीं बाहेर यावें, हा एकच नियम मुलांना घरून निघण्यापूर्वींच पाठ करून द्यावा.

विहिरींत सूर मारणारा पट्टीचा पोहणारा येथें अधिक फसतो, कारण त्याला स्वतःच्या बळाचा भरंवसा असतो. लाटांनीं किनाऱ्यावर लोटलेलें पाणी कोठें तरी अरुंद वाटेनें परत जात असतें. त्या वाटेवर लाटा कमी फुटतात, म्हणून नवख्याला तीच जागा शांत व सुरक्षित वाटते, आणि तो नेमका तेथेंच उतरतो. अशा ओढींत सांपडल्यास किनाऱ्याच्या दिशेनें झुंजूं नये. तेवढ्यानें दम संपतो. अंग सैल सोडून तरंगत राहावें, हात उंच करून मदत मागावी, आणि किनाऱ्याला समांतर असें बाजूस सरकावें. ओढीचा पट्टा अरुंद असतो, तो थोड्याच अंतरावर सुटतो. बुडणाऱ्यामागें दुसऱ्यानें रिकाम्या हातीं उडी घेऊं नये. दोर, रिकामा डबा, हवा भरलेली नळी, जें हातीं लागेल तें फेकावें. उंच लाटांच्या सूचना हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राकडून प्रसिद्ध होत असतात. निघण्याच्या आदल्या दिवशीं त्या पाहण्यास पांच मिनिटें पुरतात. आणि किनाऱ्यावर लाल निशाण दिसलें कीं चर्चा न करतां माघारीं फिरावें.

पावसाळ्यांत समुद्र पाहूंच नये काय, असें कोणी विचारील. अवश्य पाहावा. खवळलेल्या दर्याचें रौद्र रूप पाहण्याजोगें असतें, आणि आषाढांतील कोकणची हिरवळ इतर कोणत्याहि ऋतूंत दिसत नाहीं. पण ती सहल समुद्र पाहण्याची, समुद्रांत उतरण्याची नव्हे. उंच व दूर जागेवरून तो पाहावा. खडकांवर, धक्क्यावर, बांधाच्या टोंकाशीं उभें राहूं नये. घाटांत दरडी कोसळण्याचा तो काळ असल्यामुळें प्रवासांतहि एक दिवस हाताशीं अधिक ठेवावा.

तात्पर्य, करमाडच्या पाहुण्यानें मार्गशीर्ष ते माघ हे महिने प्रथम पसंतीचे मानावे, फाल्गुन व चैत्राचा आरंभ दुसऱ्या पसंतीचा, दिवाळीचा उत्तरार्ध व मेचा पूर्वार्ध सावधपणें घ्यावा, आणि मेअखेरीपासून नारळी पौर्णिमेपर्यंत पाण्यास केवळ दुरून नमस्कार करावा. महिना ठरला कीं त्यांत अष्टमी-दशमीचे दिवस पाहावे, आणि दिवस ठरला कीं भरतीचा तास. पेरणीची वेळ, वाफसा आणि नक्षत्र पाहिल्याशिवाय मूठभर बींहि मातींत न टाकणारा शेतकरी आपल्या लेकरांना समुद्राच्या हवालीं करतांना तेवढाच विचार करील, तर त्याची सहल सुखाची होईल आणि जितकीं माणसें घरून निघालीं तितकीं सर्व परत घरीं येतील.